मंगळवारचं क्रियापद

“केव्हापासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“काल सकाळपासून,” ताई म्हणाली.

आणि मी काही बोललो नाही. एवढंच झालं. बोलायला तोंड उघडलं होतं, पण ताईचं वाक्य आधी पोचलं, नीट, पूर्ण, पूर्णविरामासकट, आणि डॉक्टरांनी ते कागदावर उतरवूनही घेतलं. शुक्रवारची दुपार होती. पडद्याच्या आत आम्ही तिघं उभे आणि आई आडवी, नाकात नळी, अंगावर दवाखान्याचा निळा झगा पोटावरून वर सारलेला. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट आईच्या पोटावर आडवं टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्याच्यावर दोनदा वाजवलं. मग बोट सरकवून पुन्हा दोनदा. तो आवाज मी ओळखला. डॉक्टरांनी काही म्हणायच्या आधी ओळखला, कारण गेली पस्तीस वर्षं मी दुसरं काही ऐकत आलेलो नाही. माझ्या मनात आपसूक शब्द आला, आणि त्या शब्दामागोमाग मंगळवार आला, आणि मंगळवार आल्यावर माझे पाय गार पडले.

“आतडं कुठेतरी अडकलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “कालपासूनच असेल तर नळीतून पोट रिकामं ठेवून उद्या सकाळपर्यंत वाट बघता येईल. बऱ्याचदा आपोआप सुटतं. पण दोन-तीन दिवस झाले असतील तर वाट बघणं धोक्याचं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग आजच उघडावं लागेल.”

“उघडायचं म्हणजे...” ताईने सुरुवात केली.

“त्यांचं हृदय बघता तेही सोपं नाही, हे मला माहीत आहे.” डॉक्टरांनी झगा खाली ओढला. “मी फोटो बघून येते. वीस मिनिटं. तोवर नीट आठवून ठेवा. पोट मला आत्ताचं सांगतं, आधीचं नाही सांगत.”

त्या गेल्या. वीस मिनिटं. ताई आईच्या पायावरची चादर सारखी करत राहिली, सारखीच असलेली चादर. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. बाकाच्या बैठकीचं रेक्झिन सैल होतं. चारी बाजूंनी ओढून पिना मारण्याऐवजी कुणीतरी आधी दोन बाजू पक्क्या केल्या होत्या आणि मग उरलेल्या दोन ओढल्या होत्या, त्यामुळे कोपऱ्यात सुरकुत्या जमल्या होत्या. असलं काम मी परत पाठवतो. आईचं आतडं अडकलेलं असताना मी बाकाच्या सुरकुत्या बघत होतो, आणि त्याची लाज वाटण्याइतकीही ताकद उरली नव्हती. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो.

मी सोफ्या-खुर्च्यांवर कापड चढवतो. चौकट दुसरे करतात, फोम दुसरे कापतात, कापड ओढून बसवायचं काम माझं. ज्या मिस्त्रींनी मला हे शिकवलं ते फार बोलत नसत. बैठक तयार झाली की ते यायचे, हाताची घडी घालून दोन मिनिटं बघायचे, मग मधल्या बोटाची टिचकी मारायचे आणि कान तिरका करायचे. आवाज पसंत पडला की म्हणायचे, “तट्ट.” बस. नाही पडला तर काहीच म्हणायचे नाहीत, पकड उचलून सगळ्या पिना उपटायचे, आणि मी पहिल्यापासून सुरू करायचो. तीन महिने त्यांनी मला काही म्हटलं नव्हतं. ज्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले त्या दिवशी मी घरी धावत गेलो. आई कपडे वाळत घालत होती. “आई, तट्ट म्हणाले!” “कोण तट्ट म्हणालं?” “मिस्त्री!” “शिवी दिली का रे?” तिला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. दोरीवर वाळत घातलेली चादर दोन्ही हातांनी ताणून धरली आणि तिला टिचकी मारायला लावली. “ही सैल,” मी म्हटलं. अजून ओढली. “हे घट्ट. पण तट्ट नाही. घट्ट म्हणजे बाहेरून धरलेलं. तट्ट म्हणजे आतून पण ढकलतंय आणि बाहेरून पण धरलंय, आणि दोघंही सोडत नाहीत.” आई म्हणाली, “चादर फाडशील, ठोकळ्या.” मी लहानपणी कुणाच्या प्रश्नाला उत्तर देत नसे म्हणून तिने मला ते नाव ठेवलं होतं, आणि आज त्रेपन्नाव्या वर्षीही तेच चालतं.

त्यानंतर तो शब्द आमच्या घरात शिरला. आईने तो उचलला, पण जपून वापरला. नव्या ब्लाउजची बाही दंडावर बसली की ती म्हणायची, हे काही तट्ट नाही बाई, हे नुसतं घट्ट आहे. बाबा रागावले की त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट व्हायची. ताई तेव्हा कॉलेजात होती, पुढे शाळेत भाषा शिकवायला लागली. ती म्हणायची, हा धड शब्दच नाही, नुसता आवाज आहे. कशाला म्हणतात तट्ट, व्याख्या सांग. मला व्याख्या सांगता यायची नाही. मी बोट पुढे करायचो.

मंगळवार, पहिल्यांदा:

दुपारी सव्वाच्या सुमाराला फोन वाजला. आई रोज त्याच वेळेला करते. जेवलास का, हो, तू जेवलीस का, हो, इतकंच. फोन स्पीकरवर टाकून बाकड्यावर ठेवला होता. एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यासाठी बाहेरच्या खोलीतल्या अकरा खुर्च्या चालल्या होत्या, हिरवं जाड रेक्झिन, सातवी खुर्ची. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, पोट तट्ट भरलंय. मी म्हटलं, वा, पास. कारखान्यातले सगळे हसले. तिने फोन ठेवला.

असं झालं. बाकावर बसून मी ते पुन्हा एकदा मनात फिरवलं आणि त्यात काही खोट दिसेना. पोट तट्ट भरलंय असं माणसं म्हणतात. लग्नकार्यात जेवून उठलेली माणसं म्हणतात, हात धुताना म्हणतात, ढेकर देऊन म्हणतात. आई पोटभर जेवली, तिने मला सांगितलं, मी खूश झालो. मग तिचं पोट बिघडलं गुरुवारी. काल. ताई म्हणतेय तसं. मग मघाशी माझे पाय का गार पडले?

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. चार मिनिटं झाली होती.

बुधवारी तिचा फोन आला नाही. दीड वाजता मला आठवलं की आला नाही. आठवी खुर्ची पालथी होती. मी मनात म्हटलं, फुगली असेल. तिचं ते नेहमीचं. लहानसहान कारणावरून फुगायचं आणि कारण सांगायचं नाही, आपण ओळखायचं. एकदा तिच्या वाढदिवसाला मी फोन विसरलो तेव्हा ती नऊ दिवस फुगून होती. मंगळवारी आपण तिला सगळ्यांसमोर हसलो, त्याचं लागलं असेल, दोन दिवसांनी उतरेल. असा विचार करून मी आठवी खुर्ची पुरी केली, आणि खरं सांगायचं तर तेवढीच दोन मिनिटं वाचली म्हणून बरंही वाटलं. फुगली असेल. एवढ्या शब्दांमधून मला नेमका तोच सुचावा. माणूस रुसला तरी फुगतो, कौतुक ऐकून छाती फुगते, पावसात दार फुगतं, आणि पोटही फुगतं, आणि मी त्यातला मला सोयीचा तेवढा उचलला. गुरुवारी दुपारीही फोन आला नाही. गुरुवारी संध्याकाळी ताईचा आला: आईला उलट्या होताहेत, सकाळपासून, आपल्या डॉक्टरांनी औषध दिलंय, उतरेल म्हणालेत. आज सकाळी परत ताईचा: ये.

मी उठून आत गेलो. ताई चहा आणायला खाली गेली होती. आईचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. जागी असली की तिच्या पापण्या थरथरतात, लहानपणी आम्ही तिची झोप अशीच ओळखायचो.

“आई.”

“हं.”

“मंगळवारी फोनवर काय म्हणाली होतीस?”

“कोण मंगळवार?” नळीमुळे तिचा आवाज नाकातून, दुसऱ्याच कुणाचा तरी यावा तसा आला.

“दुपारी. मी खुर्च्या करत होतो. पोटाचं काहीतरी म्हणालीस.”

तिने नाकावरची पट्टी चाचपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, “ताई काय म्हणाली डॉक्टरला?”

“काल सकाळपासून.”

“मग काल सकाळपासून. ती मास्तरीण आहे, तिला जास्त कळतं.”

“आई, त्या विचारताहेत त्याला कारण आहे. जास्त दिवस झाले असतील तर...”

“ऐकलं मी सगळं. पडद्याला कान नसतात, मला आहेत.” तिने डोळे उघडले. ते खोल गेले होते आणि भोवतीची कातडी कोरडी दिसत होती. “हे बघ ठोकळ्या, माझं पोट म्हणजे काय तुझा सोफा आहे? उसवला, आत बघितलं, पुन्हा शिवला? मला नाही जायचं टेबलावर. तिकडून बाबा कुठे परत आले?”

बाबांचं वेगळं होतं, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. बाबांचं वेगळं होतं हे मी तिला सहा वर्षं सांगतोय.

“आठवतं का तुला, एवढंच विचारतोय.”

“नाही आठवत,” ती म्हणाली, आणि पापण्या पुन्हा थरथरायला लागल्या.

तिला आठवत होतं. ज्या बाईला वाढदिवसाचा न आलेला फोन नऊ दिवस आठवतो तिला मंगळवारी स्वतः केलेला फोन आठवत नाही, असं होत नाही. पण ती दोन कारणांनी खोटं बोलू शकत होती. एक तर तिला टेबलावर जायचं नव्हतं. दुसरं म्हणजे मी. ही दोन कारणं मला एकमेकांपासून सोडवता येईनात.

बाहेर ताई दोन कागदी पेले घेऊन येत होती. मी तिला बाकाशीच थांबवलं. चहाचा पेला हातात घेतला आणि सांगून टाकलं. उभ्याउभ्याच, तिच्याकडे न बघता, समोरच्या घड्याळाकडे बघत. मंगळवारी फोन आला होता. ती म्हणाली होती की पोट तट्ट. मी थट्टेवारी नेलं.

ताईने माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने पेला बाकाच्या कडेला ठेवला, चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला. आई तिच्याकडे राहते. औषधं तिच्याकडे, पथ्य तिच्याकडे, रात्रीचं उठणं तिच्याकडे. माझ्याकडे दुपारचा सव्वाचा फोन, तेवढा एक.

“नेमकं काय म्हणाली?”

“सांगितलं ना. पोट तट्ट...”

“पुढे. तट्ट काय? भरलंय म्हणाली की झालंय म्हणाली?”

“काय फरक पडतो?”

“सगळाच पडतो.” शाळेत फळ्यासमोर बोलावी तशी ती बोलायला लागली, हळू, एकेक शब्द सुटा करून. “भरलंय म्हटलं तर जेवली. झालंय म्हटलं तर दुखतंय. आठव.”

“भरलंय म्हणाली बहुतेक.”

“बहुतेक नको.”

“भरलंय.”

“मग झालं तर!” तिने चष्मा घातला. चेहरा एकदम सुटला तिचा, आणि तो सुटलेला बघून मला कसंतरी झालं. “मग मंगळवारी काही नव्हतंच. ती जेवली होती. मी स्वतः वाढलं होतं सकाळी. म्हणजे कालपासूनच. डॉक्टरांना उगीच काहीबाही सांगून घाबरवू नकोस. ते लगेच चिरायला घेतील, आणि ती टेबलावरून उठणार नाही. मागच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ऐकलंस ना तू? होतास ना तू तिथे? नाही, नव्हतास. मी होते.”

मंगळवार, दुसऱ्यांदा:

सातवी खुर्ची. गुडघा बैठकीवर टेकवलेला, डाव्या हातात पकड, पकडीत रेक्झिनची कड, उजव्या हातात पिना मारायची गन. कापड ताणून धरलं असताना बोलणारा माणूस अर्धाच ऐकतो. सोडता येत नाही, सोडलं तर घडी पडते आणि घडी कायमची राहते. फोन वाजतो, शेजारचा कुणीतरी बोटाने स्पीकर लावतो. जेवलास का. हो. तू? आणि इथे ती थांबली होती. हे मघाशी मला आठवलं नव्हतं. ती थांबली होती. मी एक पिन मारली, दुसरी मारली, आणि मग तिचं वाक्य आलं, पिनांच्या आवाजांच्या मधून. पोट तट्ट फट् लंय रे. पोट तट्ट फट् फट् य रे. त्या दोन पिनांच्या खाली काय दबलं? भर की झा? शेवटचा ‘रे’ मात्र होता. जेवून तृप्त झालेलं माणूस ‘रे’ लावतं का? लावतंही. तिचा तो ‘रे’ कसा होता? मला तो ऐकू येतो, पण मी जसा ठरवतो तसा ऐकू येतो. भरलंय ठरवलं की तो हसरा होतो. झालंय ठरवलं की

अकरा मिनिटं झाली होती. मी जिन्यापाशी जाऊन कात्रीला फोन लावला. आमच्याकडे कापड कापतो म्हणून सगळे त्याला कात्रीच म्हणतात. मंगळवारी स्पीकर त्यानेच लावला होता.

“बोला साहेब! आई कशी आहे?”

“बरी आहे. ऐक, मंगळवारी तिचा फोन आला होता, आठवतं?”

“तट्टवाला? न आठवायला काय झालं, दोन दिवस सगळे तेच बोलताहेत. काल फोमवाला जेवून उठला तर म्हणतो कसा, माझं पण तपासून घ्या, पास का नापास.” तो हसला. मग थांबला. “का रे?”

“ती काय म्हणाली होती? शब्द सांग.”

“शब्द म्हणजे... पोट तट्ट झालंय म्हणाल्या.”

“झालंय? भरलंय नाही?”

“झालंय. सकाळपासून पोट तट्ट झालंय रे. मग तू ओरडलास, ऐका रे, आईचं पोट पास! आम्ही हसलो. मग त्या म्हणाल्या ना ते.”

“ते काय?”

“अरे, तुलाच म्हणाल्या! येऊन हात लावून बघ, म्हणाल्या. तू म्हणालास, रविवारी येतो तपासायला. कसली जबरी आहे रे तुझी आई, मी घरी जाऊन बायकोला सांगितलं...” पुढे तो बरंच काही म्हणाला. मी ऐकत होतो. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे होते.

मंगळवार, तिसऱ्यांदा, आणि यात आता मला काही हलवता येत नाही:

“जेवलास का?”

“हो. तू?”

“...”

“सकाळपासून पोट तट्ट झालंय रे.”

“ऐका रे, आईचं पोट पास!”

“येऊन हात लावून बघ.”

“रविवारी येतो तपासायला.”

“हं. ठेवते.”

जिन्याच्या कठड्याला टेकून मी उभा राहिलो. खालून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं, एक चाक कुरकुरत होतं. मला थकवा आला होता, पण तो आजचा नव्हता, फार जुना, पोत्यात भरून ठेवलेला असावा तसा. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द जेवणाबद्दल कधी ऐकला होता? एकदाही नाही. जेवून उठली की ती म्हणते, चला, झालं बाई एकदाचं. कुणी आग्रह केला तर म्हणते, आता मानेपर्यंत आलं. तट्ट ती फक्त माझ्यासमोर वापरायची, आणि फक्त जिथे तो बसतो तिथेच वापरायची. मी अर्धा तास चादर ताणून तिला तो शिकवला होता, आणि ती तो माझ्यापेक्षा नीट शिकली होती. ताईला ती फुगलंय म्हणाली असती, तर ताईने ओवा-बिवा काहीतरी दिलं असतं. डॉक्टरला दुखतंय म्हणाली असती. तिने सगळे शब्द बाजूला ठेवले आणि मला कळेल असा एक निवडला. सुजलेलं बोटाने दबतं आणि खड्डा राहतो. टम्म फुगलेलं दबतं आणि परत वर येतं. तट्ट दबतच नाही. आतून ढकलतंय, बाहेरून धरलंय, आणि दोघंही सोडत नाहीत. जगात ज्या एका माणसाला ही व्याख्या ठाऊक होती त्याला तिने फोन केला. आणि वर, कळलं नसेल तर, येऊन हात लावून बघ.

ताई बाकावर बसली होती, दोन्ही पेले शेजारी, माझाही चहा तसाच. मी म्हटलं, “झालंय म्हणाली होती.”

“कोण म्हणतं?”

“कारखान्यातल्याला विचारलं.”

“त्याला काय आठवणार? तो काय लिहून घेत होता?”

“ताई.”

“तू भरलंय म्हणालास मला. आत्ता म्हणालास.” ती उठली. तिने माझा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, घट्ट. “हे बघ, तुला आता वाईट वाटतंय, म्हणून तू सांगणार. तुझं मन हलकं होईल. आणि तिला आत नेतील. उद्यापर्यंत थांबून सुटलं असतं तर? कुणाला विचारायचं मग आपण?”

ती खोटं बोलत नव्हती. माझं मन हलकं करण्यासाठी आईला टेबलावर पाठवायचं, की ताईचं मन राखण्यासाठी तिला उद्यापर्यंत ठेवायचं, असे दोनच रस्ते दिसत होते आणि दोन्हींच्या तोंडाशी आम्हीच उभे होतो, ती नव्हतीच. मग मला वाटलं, तिने तिचं काम केलंय. मंगळवारी सव्वा वाजता. तिने वेळ सांगितली, सकाळपासून. जागा सांगितली. शब्द सांगितला. तपासायची रीत सांगितली. मला त्यात काही ठरवायचं नाही, फक्त पोचवायचं राहिलंय, तीन दिवस उशिरा.

डॉक्टर फोटोचं पाकीट काखेत धरून येताना दिसल्या. ताईने दंड सोडला नाही.

“मंगळवार सकाळपासून,” मी म्हणालो. त्या अजून चार पावलं लांब होत्या, त्यामुळे जरा मोठ्याने म्हणावं लागलं, आणि समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी वर बघितलं. “तिने मला दुपारी फोनवर सांगितलं होतं. पोट तट्ट झालंय म्हणाली. मी चेष्टा केली. घरात कुणाला माहीत नाही, फक्त मला.”

“तट्ट म्हणजे कडक? दाबलं तर दबत नव्हतं?”

“हो. आणि आम्ही म्हणतो तट्ट, तेव्हा दबत नाहीच. ती तो शब्द उगीच वापरत नाही.”

डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. तिची बोटं माझ्या दंडावरून एकेक करून सुटली.

“फोटोही बरा दिसत नाहीये,” डॉक्टर म्हणाल्या. “मला शंका येत होतीच, पण तुमच्या सांगण्यावर रात्रभर थांबले असते.” त्यांनी कागदावरची एक ओळ खोडली आणि तिच्यावर दुसरी लिहिली. “पाऊण तासात घेऊ. धोका आहे, मी लपवत नाही. सही कोण करणार?”

“मी करते,” ताई म्हणाली. “ती माझ्याकडे राहते.”

तिने सरळ सही केली. खाली तारीख लिहिली, वेळ लिहिली, नातं लिहिलं. मग पेन माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “तूही कर. एकटीची नको.”

आईला ट्रॉलीवर घेतलं तेव्हा तिने प्रथम ताईला शोधलं, तिच्या हातात स्वतःची बांगडी आणि कानातल्या कुड्या काढून दिल्या, कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगितलं. ट्रॉली ढकलणाऱ्या बाईने, “आजी, परत येऊन सांगा की,” असं म्हटलं, त्यावर आई, “आले तर सांगेनच, नाहीतर ही शोधत बसेल,” असं म्हणाली. ताई मागे राहिली, कुड्या रुमालात बांधत. लांब बोळ होता. मी ट्रॉलीच्या डोक्याच्या बाजूने चालत होतो, त्यामुळे आईचा चेहरा मला उलटा दिसत होता, कपाळ खाली आणि हनुवटी वर, आणि उलट्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही. शेवटचं दार आलं. बाई दाराची घंटा दाबायला पुढे गेली.

“ठोकळ्या.”

मी वाकलो.

“मी भरलंय म्हणाले होते.”

तिने ते अगदी सहज म्हटलं, गाडीतून उतरताना एखाद्याच्या हातात दोन नाणी सरकवावीत तसं, घे, असू दे. घेतलं असतं तर आयुष्यभर पुरलं असतं. ताईलाही पुरलं असतं. दार अजून उघडलं नव्हतं.

“नाही आई,” मी म्हणालो. “झालंय म्हणालीस. हात लावून बघ म्हणालीस.”

तिने चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

“म्हणजे ऐकलं होतंस,” ती म्हणाली.

दार उघडलं, बाई म्हणाली, “बस, नातेवाईक इथपर्यंतच,” आणि ट्रॉली आत गेली. दाराच्या दोन्ही झडपा एकमेकींवर आपटून थोडा वेळ हलत राहिल्या, मग थांबल्या. ताई मागून आली. तिच्या हातात रुमालाची गाठ होती.

“काय म्हणाली?”

मी तिला सांगितलं. तिचं, माझं, पुन्हा तिचं, शब्दन्‌शब्द. मग विचारलं, “चिडून म्हणाली असेल का गं? की बरं वाटून?”

ताई दाराकडे बघत होती.

“मला कसं कळणार?” ती म्हणाली. “जवळ तू होतास.”